एक मंगळवार सोडून

माझं गणित चुकत नाही, हे मी सातवीपासून सांगत आले होते आणि १९५५ सालच्या सप्टेंबरातही सांगतच होते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. बी.ए.ला गणितात पहिला वर्ग, त्यावर मुंबईला एक वर्ष संख्याशास्त्राचा अभ्यास, आणि घर ठाण्याला नौपाड्यात. आई माझ्यासाठी स्थळं बघत होती आणि मी नोकरी बघत होते. नोकरी आधी मिळाली.

नोकरी त्र्यंबकरावांकडे. विमा कंपनीत तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि आमच्याच रस्त्यावर एका दवाखान्याच्या माडीवर दोन खोल्या घेऊन त्यांनी 'संख्याशास्त्रीय सल्लागार' अशी पाटी लावली. लोक पाटी वाचून वर यायचे आणि कुंडली मांडून मागायचे. त्र्यंबकराव त्यांना पाणी द्यायचे आणि खाली पाठवायचे. खरं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं.

"शिकवणार कधीपासून?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, "कर्णिकबाई, पुस्तक तुम्ही वाचलेलं आहे. तेच परत वाचायला मी पगार देत नाही. उद्या कल्याणला जा."

कल्याणला एक कौलांची भट्टी होती. मालकाचं म्हणणं, शंभरात तीस कौलं फुटतात, भट्टीतच काहीतरी खोट आहे. मी भट्टीच्या तोंडाशी तीन दिवस बसून हजारभर कौलं मोजली. फुटकी निघाली शंभरात चार. मालकाला हिशेब येत नाही, असं मी जवळजवळ त्याच शब्दांत लिहून आणलं. त्र्यंबकरावांनी कागद वाचला आणि मला कौलांच्या बैलगाडीबरोबर डोंबिवलीपर्यंत जायला लावलं. गाडीत कौलं उभी रचायची सोडून आडवी रचत होते. डोंबिवली येईपर्यंत खालचे दोन थर गेले होते. मालकाचे तीस बरोबर होते आणि माझे चारही बरोबर होते, फक्त माझ्या चारांचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. मी अहवाल पुन्हा लिहिला आणि फारसं मनाला लावून घेतलं नाही. गणित तर चुकलं नव्हतं.

त्र्यंबकरावांचे दोन नियम होते. काम घेताना सगळ्या संबंधितांना सांगायचं, की या आकड्यावरून काय ठरणार आहे. आणि अहवाल बाहेर जाण्याआधी तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. पहिला नियम मला उपचार वाटायचा आणि दुसरा वेळेचा अपव्यय.

कोपरीचं काम आलं आणि त्यांनी ते माझ्या एकटीवर सोपवलं. ठाण्याच्या पूर्वेला, खाडीच्या कडेला कोळीवाडा आहे. तिथल्या होड्या लागायला दगडी धक्का हवा, असे अर्ज कोळी लोक स्वातंत्र्याच्या आधीपासून करत होते. धक्का नव्हता, त्यामुळे होडी चिखलात लागायची आणि बायका डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत चिखलातून काठावर यायच्या. आदल्या वर्षी चंद्रभागा नावाची बाई भरल्या पाटीसकट पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. ती आता दारात बसून जाळी विणायची. सरकारी खात्याचा नियम असा, की मासेमारीच्या मोसमात रोज सरासरी शंभर पाट्या मासळी उतरत असेल तर धक्का मिळेल. ती सरासरी काढायची होती. खात्याचे साहेब होते महिपतराव दळवी. त्यांनी बजावलं होतं, "सरकारकडे पहिलाच असा अहवाल येतोय. बरोबर निघाला तर पुढची दहा कामं तुमच्याकडे येतील."

रोज जाऊन मोजणं शक्य नव्हतं. मी ठरवलं, एक मंगळवार सोडून दर दुसऱ्या मंगळवारी जायचं, सहा वेळा. वार पक्का, अंतर पक्कं, मनमानीला जागा नाही. पुस्तकात ही पद्धत होती आणि तिला नावही भारदस्त होतं.

पहिल्या मंगळवारी मला दगडाबाई भेटली. साठीची, काळीसावळी, आवाज असा की खाडीपलीकडे जावा. तिचा मुलगा नामा एका होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. तिने मला ओट्यावर घोंगडी टाकून दिली, चहा दिला, आणि पहिला प्रश्न विचारला, "पायाला चिखल नाय ना लागला, बाय?"

नव्हता लागला. होड्या काठाशीच आल्या होत्या. मी बसल्या बसल्या एक्केचाळीस पाट्या मोजल्या.

"मी आता दर पंधरवड्याला मंगळवारी येईन," मी सांगितलं.

तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला. "मंगलवार बरा. तवा आमी निवांत असतंय. दोन शब्द बोलता येतान. ये तू."

मी दोन शब्द बोलायला नाही, सरकारी कामाला आले आहे, हे सांगायचं माझ्या मनात आलं होतं. पण चहा चांगला होता, आणि त्या आकड्यावरून काय ठरणार आहे हे सांगत बसायचं राहून गेलं.

सहा मंगळवार झाले. एक्केचाळीस, पस्तीस, चाळीस, तेहतीस, बेचाळीस, सदतीस. सरासरी अडतीस. आकडे एकमेकांना इतके धरून होते की मी हुरळले. इतकी कमी घटबढ म्हणजे अंदाज पक्का, ही शिकवण माझ्या रोमारोमात होती. दगडाबाईबद्दल मला वाईट वाटलं, पण अडतीस म्हणजे अडतीस. मी अकरा पानांचा अहवाल लिहिला, शेवटी आलेख काढला आणि तो त्र्यंबकरावांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. "सुबक आहे. वाचून दाखवलात?"

"कोणाला? त्यांना वाईटच वाटणार आहे."

"वाईट वाटू दे. पण त्यांच्यासमोर वाटू दे."

मी तणतणत निघाले. तो गुरुवार होता, अमावास्येचा दुसरा दिवस. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, नंतर पंचांगात बघितलं.

कोपरीच्या काठावर मी पोचले आणि मला वाटलं, रस्ता चुकला. ओहोटीने पाणी पार लांब गेलं होतं आणि मध्ये नुसता चिखल, चकाकणारा. त्या चिखलाच्या टोकाला वीस-बावीस होड्या. होड्यांपासून काठापर्यंत बायकांची रांग, नऊवारी मांड्यांपर्यंत खोचलेली, डोक्यावर पाट्या. पाट्यांतून पाणी गळत होतं, कोळंबी उड्या मारत होती, आणि बायका एकमेकींवर ओरडत चालल्या होत्या. ओट्यावर घोंगडी नव्हती. चहाचं तर नावच नको.

दगडाबाई रिकामी पाटी घेऊन परत चिखलात उतरत होती. मला बघून ती चमकली. "आज कशाला आयलीस? आज काय मंगलवार हाय?"

मी मोजायला लागले. मोजता मोजता माझे कान तापत गेले. सकाळ संपेपर्यंत एकशे चौसष्ट पाट्या झाल्या.

काम आटोपल्यावर ती हातपाय धुऊन आली. मी अकरा पानं हातात धरून उभी होते आणि मला राग आवरत नव्हता. "दगडाबाई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगाचं?"

"की मंगळवारी मासळी कमी येते!"

"मंगलवाराचा काय संबंद?" तिला खरंच कळेना. मग ती मला लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. "आवस-पुनवेला उधान. पानी जोरान येतं नि जोरान जातं, तवा जाली भरतान. अष्टमीच्या आसपास भांग. तवा पानी झोपलेलं असतं, जाल्यात काय येनार? तू येतंस त्या मंगलवारी भांगच असतंय. म्हनून त बोल्ले, तवा ये. च्या देता येतंय, बोलता येतंय. उधानाला पावना आला त त्याला कोन बगनार?"

पंधरा दिवसांनी उधाण, पंधरा दिवसांनी भांग, आणि चौदा दिवसांनी मी. सहाच्या सहा वेळा मी भांगाला जाऊन बसले होते. आकडे एकमेकांना धरून का होते, तेही कळलं. मी एकच दिवस सहा वेळा मोजला होता.

आणि खरी लाज पुढेच आहे. आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस मासे. आई बाजारातून येऊन पिशवी आपटायची आणि म्हणायची, "आज भांग आहे, मासळीत काही दम नाही." हे मी तेवीस वर्षं ऐकत होते. स्वयंपाकघरात ऐकलेलं वहीत कामाला येतं, असं मला कोणत्याही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं आणि मला स्वतःला सुचलं नव्हतं.

"बाय, तू रडतंस काय?" दगडाबाईने विचारलं.

"रडत नाही. चिडले आहे."

मग तिथेच बसून मी तिला सगळं सांगितलं, जे सप्टेंबरात सांगायला हवं होतं. शंभर पाट्यांचा नियम, माझे अडतीस, आणि त्यावरून धक्का नाकारला जाणार होता हे. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. "म्हंजे आमच्या च्यान आमचाच धक्का बुडत व्हता?" असं म्हणून ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं.

त्र्यंबकरावांसमोर मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चूक लांबवून सांगण्यात मला कधीच गोडी नव्हती. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पंचांग मागवलं.

"किती दिवस हवेत?"

"एक पूर्ण महिना. उधाणाचे सोळा दिवस धरायचे, भांगाचे चौदा. उधाणातले सहा आणि भांगातले पाच निवडायचे, चिठ्ठ्या टाकून. मग दोन्हीच्या सरासऱ्या दिवसांच्या प्रमाणात एकत्र करायच्या."

"हे कोणी सुचवलं?"

"पुस्तकात आहे. पण कुठे वापरायचं ते दगडाबाईने सुचवलं."

ते महिपतरावांना भेटून आले. साहेबांनी जानेवारीच्या वीस तारखेपर्यंत मुदत दिली आणि वर ऐकवलं, की त्यानंतर फाईल बंद. त्र्यंबकराव हे सांगताना एवढंच म्हणाले, "तुमच्या चुकीसाठी मी पहिल्यांदाच कोणाच्या पाया पडलोय. दुसऱ्यांदा पडायला माझी कंबर साथ देणार नाही."

या वेळी सगळं उघड करायचं, असं मी ठरवलं. दगडाबाईच्या अंगणात बायका-पुरुषांसमोर चिठ्ठ्या टाकल्या. एका लहान मुलीकडून अकरा उचलून घेतल्या आणि तारखा मोठ्याने वाचल्या. "देवाला कौल लावल्यागत करतंस," दगडाबाई म्हणाली. नामा मागे खांबाला टेकून उभा होता. तिशीचा, शांत, दिसायला आईसारखाच. तो तारखा ओठांत पुटपुटत होता. मला कौतुक वाटलं. किती लक्ष देऊन ऐकतोय, असं वाटलं.

ते चार आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. उधाणाच्या दिवशी मी पहाटे काठावर हजर. दुसऱ्याच खेपेला मी चपला काढून चिखलात उतरले, कारण काठावरून मागच्या होड्या दिसत नव्हत्या. पाय पोटरीपर्यंत रुतला आणि निघेना. दोन बायकांनी मला काखेत धरून उपटलं आणि सगळा काठ हसला. मीही हसले. घरी आईने पातळ बघितलं आणि कपाळाला हात लावला, स्थळ घेऊन आलेल्या मावशीही समोरच होत्या. ते स्थळ परत आलं नाही. मला त्याचं दुःख झालं नाही.

उधाणाचे आकडे दीडशेच्या आगेमागे येत होते. भांगाचे चार दिवस छत्तीसच्या आगेमागे. उरला होता भांगाचा एकच दिवस, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला. त्या दिवशी मी गेले तर काठावर गर्दी. भांग असून होड्या वीसच्या वर, आणि पाट्या उतरतायत एकामागून एक. एकशे अठ्ठावन्न.

एव्हाना मी कोपरीच्या होड्या ओळखत होते. निम्म्याहून जास्त होड्या मी कधी बघितलेल्या नव्हत्या. पाट्या उचलणाऱ्या बायकांतल्याही कित्येक अनोळखी. आणि त्या पाट्यांतली मासळी ताजी नव्हती, काहींत तर कालचा सुकत आलेला जवळा होता. मी नामाला बाजूला घेतलं.

"या होड्या कुठल्या?"

तो लपवायला गेला नाही. "कलव्याच्या. आमचे पावने हायत."

"आजच बरे कळव्याहून पाहुणे आले."

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "चंद्रभागा माजी बायको हाय. मी तिला खांद्यावर टाकून या चिखलातून आनलेली. तुमी सा मंगलवार चुकीचं मोजलंव, कोन काय बोल्लं तुमाला? आता एक दिवस आमचा. कोन बगतंय?"

याला उत्तर देणं सोपं होतं, असं कोणी म्हणू नये. घरी येऊन मी दोन्ही हिशेब केले. तो दिवस धरला तर सरासरी एकशे सात. सोडला तर शहाण्णव. त्या खेपेचा भांग संपला होता आणि पुढचा मुदतीत बसत नव्हता. नियम शंभरचा. एक रेघ मारली की धक्का जात होता आणि ती रेघ माझ्या हातात होती. मला नामाचा राग आला, महिपतरावांच्या शंभराचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण तारखा मीच भर अंगणात वाचून दाखवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या ओळीवर रेघ मारली. खोडरबराने पुसली नाही. आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ.

त्र्यंबकरावांनी वही बघून परत दिली. मी म्हणाले, "तुम्ही सांगा ना, बरोबर केलं की नाही."

"तुम्हाला माहीत आहे. मला विचारताय ते फक्त सोबत हवी म्हणून. आहे सोबत."

अठरा तारखेला आम्ही दोघं कोपरीला अहवाल वाचायला गेलो. अंगण भरलेलं. मी वाचलं, अगदी शेवटपर्यंत. सरासरी शहाण्णव, अंदाजाची चूक खाली-वर तेरा. शंभराचा नियम. बाद केलेला दिवस आणि बाद का केला तेही. नामाचं नाव मी लिहिलं नव्हतं, 'बाहेरच्या होड्या' एवढंच. पण अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

चंद्रभागा दारात बसली होती, मांडीवर जाळं. तिने विचारलं, "शंभराला किती कमी?"

"चार."

ती आपल्या पायाकडे बघत म्हणाली, "चार पाट्या त मी एकलीच आनायची."

मी कागद आवरायला लागले. तेवढ्यात दगडाबाईने अहवाल माझ्या हातातून काढून घेतला, उलटसुलट केला, आणि मला परत दिला. तिला वाचता येत नव्हतं. "यात उधानाचं किती लिवलंय, ते परत वाच."

"एकशे अठ्ठेचाळीस."

"नि भांगाचं?"

"छत्तीस."

"मग शानव कंच्या दिवसाचं?"

शहाण्णव कुठल्याच दिवसाचं नव्हतं. शहाण्णव पाट्यांचा दिवस कोपरीत उगवतच नव्हता. मी त्र्यंबकरावांकडे बघितलं. त्यांनी आधीच खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं होतं. त्याच अंगणात बसून मी पहिलं पान फाडलं आणि नवं लिहिलं.

वीस तारखेला महिपतरावांच्या कचेरीत आम्ही चौघं गेलो. त्र्यंबकराव, मी, दगडाबाई आणि नामा. नामाने धुतलेला सदरा घातला होता. साहेबांनी सरळ शेवटचं पान उघडलं. "शहाण्णव. म्हणजे शंभरच्या आत. वाईट वाटतं, पण प्रश्न मिटला."

"साहेब, पहिलं पान वाचा," मी म्हणाले.

"सरासरी शेवटच्या पानावर आहे ना?"

"आहे. पण सरासरीचा दिवस कोपरीत एकही येत नाही. महिन्यातले चौदा दिवस छत्तीस पाट्या येतात, तेव्हा पाणी काठाशी असतं आणि धक्का नसला तरी अडत नाही. सोळा दिवस एकशे अठ्ठेचाळीस येतात, आणि नेमकी त्याच दिवसांत ओहोटी सर्वांत लांब जाते. म्हणजे जेव्हा पाट्या चौपट, तेव्हाच चिखलही सर्वांत जास्त. धक्का त्या सोळा दिवसांसाठी मागितला आहे. तुमच्या नियमाने विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे." हे मी जरा मोठ्याने बोलले. मला हळू बोलता येत नाही.

महिपतराव भुवया उंचावून त्र्यंबकरावांकडे बघायला लागले. त्र्यंबकराव छताकडे बघत होते. साहेबांनी पहिलं पान वाचलं, मग माझी मोजणीची वही ओढली आणि एकेक पान उलटायला लागले. "मुद्दा ठीक आहे. पण हे एकशे अठ्ठेचाळीस खरे कशावरून? धक्का हवा असलेल्या लोकांच्या काठावरच मोजलेत तुम्ही. गावोगाव मला फुगवलेले आकडेच मिळतात." त्यांचं बोट थांबलं. "हे काय? एकशे अठ्ठावन्न, आणि वर रेघ?"

मला उत्तर पाठ होतं. बाहेरच्या होड्या आल्या होत्या, म्हणून. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता. कोणी आणल्या? खरं सांगितलं तर सगळा कोळीवाडा लबाड ठरणार होता आणि त्यांचे बाकीचे दहा दिवसही खोटे. खोटं सांगितलं तर माझी वही कसलीच उरत नव्हती.

मागे बाकावरून नामा उठला. "मी आनल्या," तो म्हणाला. "कलव्याच्या होऱ्या. आकडा वाडवाला म्हनून. बाईनं पकरलं नि तो दिवस काटला. मी इनवलं, तरी काटला."

दगडाबाई जमिनीकडे बघत होती.

"हा दिवस धरला असता तर सरासरी किती होती?" साहेबांनी मला विचारलं.

"एकशे सात."

"तुम्हाला हे रेघ मारल्यावर कळलं?"

"आधी. दोन्ही काढून बघितले, मग रेघ मारली."

त्यांनी वही मिटली नाही. पुन्हा पहिल्या दिवसापासून सगळी पानं वाचली, या वेळी सावकाश, उधाणाचा प्रत्येक दिवस बोट ठेवून. आम्ही उभेच होतो. मग त्यांनी टाक उचलला, अहवालाच्या पहिल्या पानावर समासात चार ओळी लिहिल्या आणि सही करताना वर न बघता नामाला म्हणाले, "बस खाली. धक्का होईल. उधाणाचे आकडे मी धरतोय."

दगडाबाईला आधी कळलंच नाही. मी तिला सांगायला वळले आणि सांगता सांगता रडले, सरकारी कचेरीत, भर दुपारी, साहेबांसमोर. मला त्याची अजूनही लाज वाटत नाही. त्र्यंबकरावांनी आपला रुमाल पुढे केला. तो शाईने भरलेला होता. मी तो घेतला आणि तोंड पुसलं.